जमखंडीची नारिंगी रेषा

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्याला 'स्पेक्ट्रो' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भट्टीतला लोखंडाचा रस साच्यांत ओतण्याआधी पळीभर रस तांब्याच्या लहान साच्यात घेतात. झटकन गोठलेली ती चकती ग्राइंडरवर घासून 'स्पेक्ट्रो'च्या यंत्रावर ठेवली, की आर्गॉन वायूत तिच्यावर ठिणग्या पडतात आणि थोड्याच वेळात पडद्यावर आकडे येतात : कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस. भट्टीत अजून काय टाकायचं, ते त्यावरून ठरतं.

यंत्र बघतं तो फक्त प्रकाश. ठिणगीच्या उष्णतेनं अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात आणि खाली येताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. या पातळ्या प्रत्येक मूलद्रव्याच्या वेगळ्या, म्हणून वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार फाकवून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषाही वेगळ्या. कार्बनची वापरातली रेषा १९३.१ नॅनोमीटरवर येते. हवेतला ऑक्सिजन हा अतिनील प्रकाश शोषून घेतो, म्हणून तिथं आर्गॉन लागतो. खरी अडचण लोखंडाची आहे. त्याच्या एकट्याच्या हजारो रेषा पडतात. त्या गर्दीतली नेमकी कुठली रेषा कुणाची, हे आधी कुणीतरी मोजून ठेवलेलं असावं लागतं. वर्णपटाच्या अभ्यासकाचा बराचसा जन्म याच कामात जातो.

हे काम किती नाजूक आहे, त्याचा एक मोठा दाखला आपल्या शेजारीच घडला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला. पटवर्धनांच्या संस्थानातल्या जमखंडीत लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या वतीनं लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण आणि वर्णपटदर्शक लावून बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू, हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला. श्रावण-भाद्रपदाचं आभाळ, ढगांची ये-जा चालू. खग्रास स्थितीत सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांकडे त्यांनी यंत्र रोखलं आणि त्यांना तीन तेजस्वी रेषा दिसल्या : लाल, नारिंगी आणि निळी. अखंड रंगपट्टा न दिसता सुट्या रेषा दिसल्या, याचा अर्थ त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. पुढं प्रकाश इतका वाढला की नारिंगी रेषेचं मोजमाप घेता येईना. एक ढग आडवा आला, तेज जरा कमी झालं, तेव्हा कुठं ते जमलं.

ही रेषा सोडियमच्या 'डी' रेषेशी जुळते, असं हर्शेल यांनी नोंदवलं. सोबत, माझ्या यंत्राची जेवढी कुवत आहे तेवढ्यापुरतं हे खरं, असंही लिहून ठेवलं. मला हे दुसरं वाक्य फार मोलाचं वाटतं. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पडतात, ज्वाळांतली नारिंगी रेषा ५८७.६ ला. फरक दोन नॅनोमीटरच्या आसपासचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसतानाही ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि ही रेषा सोडियमच्या जागेवर नाही हे दिसून आलं. ती होती हेलियमची. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅम्झे यांना तो युरेनियमच्या एका खनिजातून मिळाला.

रेणूंचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. दोन अणू जोडले की ते कंप पावतात आणि गरगर फिरतात, त्यामुळे एका रेषेच्या जागी रेषांचे दाट पट्टे उमटतात. कार्बन मोनॉक्साइडच्या अशा एका पट्टमालेला जगभर 'असुंडी पट्टे' म्हणतात. आर. के. असुंडी यांच्यावरून पडलेलं हे नाव. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवून पुढं त्यांनी तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रातलं वर्णपटाचं काम उभं केलं. बेळगावच्या कॉलेजांतली मुलं अनेक दशकं ज्या कर्नाटक विद्यापीठाच्या पदव्या घेत होती, तिथं धारवाडला एन. आर. तावडे यांनी हाच विषय चालवला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून आलेले तावडे पट्ट्यांच्या तेजस्वितेचे अभ्यासक होते.

तेजस्विता मोजून काय मिळतं? पट्टा कुठं पडला यावरून रेणू कोणता ते कळतं. त्यातला कुठला भाग किती उजळ आहे, यावरून ज्योतीचं किंवा ताऱ्याच्या वातावरणाचं तापमान काढता येतं, जिथं तापमापक घालायची सोयच नाही. मात्र त्यासाठी कंपनाच्या एका पातळीवरून दुसरीवर उडी पडण्याची शक्यता माहीत हवी. या शक्यतांच्या आकड्यांना फ्रँक-काँडन गुणक म्हणतात. प्रत्येक रेणूसाठी, पातळ्यांच्या प्रत्येक जोडीसाठी ते वेगळे काढावे लागतात. धारवाडमधून निघालेल्या शोधनिबंधांत अशा गुणकांचे तक्ते आहेत.