स्कूबा डायव्हिंग: ओपन वॉटर कोर्स

स्कूबा डायव्हिंग म्हणजे दाबून भरलेल्या हवेचं सिलिंडर पाठीवर बांधून, तोंडातल्या रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा श्वासाला लागेल तशी देणारं यंत्र) श्वास घेत पाण्याखाली फिरणं. ते शिकून, परीक्षा देऊन, इन्स्ट्रक्टरशिवाय पण जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत उतरायची परवानगी देणारं पहिलं कार्ड म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असते असं आपल्याकडं सरसकट सगळे सांगतात, पण त्यात साधी हवाच असते, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. आजच्या सामानाचा मूळ नमुना १९४३ मध्ये फ्रान्सात झाक कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी बनवला. कोर्स चालवणाऱ्या संस्थांमध्ये पाडी (१९६६ पासून) आणि एसएसआय (१९७० पासून) ही नावं भारतात जास्त दिसतात, दोघांचंही कार्ड जगभर चालते.

विदर्भाला समुद्र नाही, पण पाणी काही कमी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं मालगुजारी म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव आहेत, वैनगंगा आहे, आणि बाकी गावांत शेतातली विहीर आहेच. गावातले पोट्टे कमरेला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून पवणं शिकतात, मग काठावरून सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत आणून दाखवायची, छाती भरून श्वास घेतला की बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही. स्कूबात नेमकी हीच सवय जिवावर उठते. कोर्सचा पहिला नियम आहे की श्वास कधीच रोखायचा नाही, सावकाश आणि सतत घेत राहायचा.

याचं कारण दाबात आहे. समुद्रात दर १० मीटरला वातावरणाएवढा आणखी एक दाब वाढते, म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट. विहिरीत सूर मारणारा वरची हवा छातीत घेऊन जातो, ती खाली आकसते आणि वर येताना परत तेवढीच होते, म्हणून त्याला काही होत नाही. स्कूबावाला मात्र १० मीटर खालीच श्वास घेतो, तोही दुप्पट दाबाच्या हवेचा, आणि तो रोखून वर आला तर ती हवा छातीतल्या छातीत दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकते. त्याला लय खोल जावं लागते असंही नाही, दीड-दोन मीटरवरूनसुद्धा हे झालेलं आहे, म्हणजे स्विमिंग पूलमध्येही हा नियम मोडता येत नाही. रेग्युलेटर तोंडात नसेल तेव्हा बारीक बुडबुडे सोडत राहा, हे म्हणूनच घोकून घेतात.

प्रवेशाची अट सोपी आहे. वय किमान १० वर्षं (१५ च्या आत असेल तर ज्युनिअर कार्ड), २०० मीटर पोहणं, त्याला वेळेची मर्यादा नाही आणि कोणत्याही पद्धतीनं चालते, आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगून राहणं. विहिरीत वाढलेल्याला हे काहीच नाही. पोरींना बहुतेक घरी विहिरीत उतरूच देत नाहीत, त्यामुळं त्यांना आधी पवणं शिकावं लागते, पण श्वास रोखायची सवय मोडायचं काम तेवढं वाचते.

खरी चाळणी मेडिकल फॉर्मची. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, छातीचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर डॉक्टरची सही लागते. आपल्याकडं तीन गोष्टी जास्त बघायला पाहिजे. एक, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे आणि थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, ऑक्सिजन कमी पडणं या सगळ्यांनी त्रास उठतो, म्हणून डॉक्टरला स्पष्ट सांगितल्याशिवाय पाण्यात उतरूच नये. दुसरं, लहानपणापासून वाहणारा कान, पडद्याला भोक असेल तर आधी इलाज. आणि तिसरा आपला सुपारी-तंबाखूचा खर्रा. रेग्युलेटरचं माउथपीस दातात धरून पाऊण तास राहायचं असते, खर्ऱ्यानं ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्यानं काय धरायचं? फॉर्ममध्ये खोटं लिहून काही फायदा नाही, पाण्याला फॉर्म वाचता येत नाही.

कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा. थिअरी आजकाल मोबाईलवरच, शेवटी परीक्षा. पाडीच्या कोर्समध्ये मग पूलसारख्या शांत पाण्यात पाच सत्रं आणि समुद्रात चार डाइव्ह. मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून काढायचं, तोंडातून सुटलेलं रेग्युलेटर शोधून परत लावायचं, हवा संपली तर जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर यायचं, असं सगळं गुडघ्यावर बसून, नाहीतर तरंगत करून दाखवावं लागते. सगळ्यात जास्त वेळ खाते ते ना वर ना खाली असं एका जागी तरंगणं, हात मारून जमत नाही, श्वासावरच जमते. कानासाठी नाक दाबून हळूच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी, मीटर-मीटरला. खुणाही नव्यानं शिकाव्या लागतात, अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही तर 'वर चला', आणि सवयीनं तो दाखवला की इन्स्ट्रक्टर खरोखर वर घेऊन जातो.

वर येणंही सावकाश, मिनिटाला ९ मीटरच्या आसपास, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, कारण खाली शरीरात मुरलेला नायट्रोजन घाईत बुडबुडे होऊन सांध्यात नाहीतर मज्जारज्जूत बसू शकतो. याच कारणानं एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही, परतीच्या तिकिटाआधीचा दिवस कोरडा ठेवायचा.

गोव्यात किंवा मालवणात फिरायला गेलेले लोक व्हिडिओ घेऊन येतात तो कोर्स नसते, ती ट्रायल डाइव्ह. इन्स्ट्रक्टर धरून नेतो आणि आणतो, पोहता येत नसलं तरी चालते, कार्ड मिळत नाही. कोर्स त्याच्यापेक्षा बराच महाग आहे.

शिकायला राज्यातलं ठिकाण म्हणजे मालवणजवळ तारकर्ली, तिथं एमटीडीसीची (राज्याचं पर्यटन महामंडळ) प्रशिक्षण संस्था आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. दोन्हीकडं पावसाळ्यात बंद, ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. पण बल्लारशा, चंद्रपूर, वर्ध्याकडच्या माणसाला कोकणापेक्षा चेन्नई सोपी पडते, दिल्ली-चेन्नई लाइन दारातूनच जाते. तिथून पुदुच्चेरी रस्त्यानं, नाहीतर विमानानं पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) आणि पुढं बोटीनं हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप. अंदमानचं पाणी जास्त स्वच्छ, माझं मत विचाराल तर पैसे जमवून तिथंच जावं. थिअरी आणि पूलचा भाग एकीकडं करून समुद्राचा भाग दुसरीकडं पुरा करता येतो, पाडीत त्याला १२ महिन्यांची मुदत असते.

कार्ड कायमचं, पण वर्ष-दीड वर्ष पाण्यात गेलं नसेल तर रिफ्रेशर करूनच उतरावं. आणि गावात कार्डवाला आला म्हटलं की कोणी बुडालं तर त्यालाच हाक मारतील. गोसेखुर्द, इटियाडोहसारख्या धरणात दिसत काही नाही, खाली झाडांची खोडं आणि सुटलेली जाळी, गेटजवळ तर पाणी माणसाला ओढून धरते. शोधकामाचं ट्रेनिंग वेगळं असते, ओपन वॉटरमध्ये त्यातलं काहीच शिकवत नाहीत, तिथं आपत्ती दलाला आणि त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेल्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर भाऊंनाच बोलवावं.