लोकअदालतीतली तडजोड समोरच्याने मोडली तर? दरखास्तीची माहिती

लोकअदालतीत तडजोड झाली, सह्या झाल्या, 4 लाखांपैकी 2 लाख आलेही. मग समोरच्याने फोन उचलणंच सोडलं. अशा वेळी बरेच जण नव्या दाव्याच्या तयारीला लागतात. गरज नाही; दरखास्त, म्हणजे कोर्टाच्या निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, केली की पुरे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच (डिक्री, म्हणजे दाव्याचा निकाल) मानला जातो. त्यावर अपीलही नाही. चेक बाउन्सच्या खटल्यातल्या तडजोडीलाही हेच लागू, असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सांगितलं आहे. चालू दाव्यात तडजोड पुरसिस (तडजोडीच्या अटींचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन हुकूमनामा घेतला असला तरी वाट तीच: दरखास्त.

कोर्टाबाहेर स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या समझोत्याचं मात्र तसं नाही. तो नोटरीकडे नेला तरी हुकूमनामा होत नाही; तो मोडला तर 3 वर्षांत दावाच लावावा लागतो.

दरखास्त ज्याच्या बाजूने निवाडा आहे तो किंवा त्याचे वारस करू शकतात. समोरचा वारला असेल तर त्याच्या वारसांवरही चालते, पण त्यांच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतीच. पैशाच्या वसुलीला मुदत 12 वर्षे. हप्ते ठरले असतील तर प्रत्येक हप्ता चुकल्या तारखेपासून मोजायची. एवढी मुदत आहे म्हणून थांबू नये, तोवर मिळकत विकून मोकळे होतात लोक.

दरखास्तीसोबत निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल, वकीलपत्र, ओळखपत्र आणि आजवर आलेले पैसे वजा करून येणे रकमेचा हिशेब लागतो. जप्ती हवी असेल तर मिळकतीचा तपशील: 7/12 किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, बँक खातं, नोकरीचं ठिकाण. काहीच ठाऊक नसेल तर समोरच्याने मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा अर्ज करता येतो.

हमखास वाद होतो तो रोख रकमेवरून. ‘मी हातात पैसे दिले’ एवढ्यावर दरखास्तीत भागत नाही. कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवावे लागतात, आणि देणाऱ्याला त्यासाठी 30 दिवसच मिळतात. घेणाऱ्यानेही मिळालेली रक्कम लपवू नये. हिशेबातली लबाडी पहिल्याच उलटतपासात उघडी पडते.

पगार जप्त होतो, पण सगळा नाही. जप्तीसाठी हिशेबात धरायचा पगार 31,000 असेल तर पहिले 1,000 सुटतात, उरलेल्या 30,000 चा तिसरा हिस्सा, म्हणजे महिना 10,000 वळते होतात. तेही एका हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिनेच. पेन्शनला हात लागत नाही. दिवाणी तुरुंगाची धमकी वकिलाच्या नोटिशीत हटकून असते. प्रत्यक्षात ऐपत असून समोरचा देत नाही, हे दाखवावं लागतं.

जंगम (हलवता येणाऱ्या) मालाच्या जप्तीचं वॉरंट निघालं की बेलीफाचा (वॉरंट बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा) भत्ता भरायचा आणि माल दाखवायला सोबत जायचं. समोरच्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर त्याआधी हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो.