झडतीतील नुकसानभरपाई (कोकण)

पोलिसांच्या झडतीत खाजगी घर, होडी किंवा सामानाची मोडतोड झाल्यास सरकारने द्यावयाची भरपाई. ओळख व कारण सांगून, दार उघडायला सांगूनही आत जाता आले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (फौजदारी प्रक्रियेचा कायदा; कलमे ४४ व १०३) पोलिसांना दार-खिडकी फोडता येते. फोडलेले दार पुन्हा कोणी बसवायचे, यावर संहिता गप्प आहे. म्हणून भरपाई मागणाऱ्याला झडती बेकायदा होती किंवा मोडतोड गरजेपलीकडे झाली, हे दाखवावे लागते.

खरी अडचण पुराव्याची. पंचनाम्यात काय नेले त्याची यादी होते. काय मोडले त्याची करावी, असे बंधन नाही. १ जुलै २०२४ पासून झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे झाले (कलम १०५) आणि ते दंडाधिकाऱ्यांकडे जाते. फुटलेल्या कपाटाचा याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

किनाऱ्याला झडती नवी नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांआधी शस्त्रे-स्फोटके रायगड किनाऱ्यावरच्या दिघी, शेखाडीलाच उतरली होती. पण कोकणातली बरीच घरे वर्षाचे दहा महिने कुलपात असतात. मे महिन्यात कुलूप तुटले, चार कौले सरकली, की पावसाचे पाणी माजघरात येते आणि गणपतीला चाकरमानी पोचेपर्यंत वासे-रिपा कुजायला लागलेल्या असतात. यातले झडतीचे नुकसान किती आणि पावसाचे किती, हा वाद मग अटळ. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ नुसार कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, तोही महिनाभराची नोटीस देऊन. शिमग्यानंतर मोडलेले दार गणपतीत दिसले, तर मुदत संपत आलेली असते. विनाकारण घरझडती हा याच अधिनियमात (कलम १४७) गुन्हा आहे. पण पोलिसाला शिक्षा झाली म्हणून दार बसत नाही.

सरकारच्या दायित्वावरचे गाजलेले निवाडे जप्त मालाचे आहेत. मेरठमध्ये १९४७ साली जप्त केलेले सोने हेड कॉन्स्टेबलने लांबवले व तो पाकिस्तानात पळाला; तरीही हे सार्वभौम कार्य (फक्त राज्यसत्तेलाच करता येणारे काम), सरकार जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कस्तुरीलाल प्रकरणात ठरवले. पुढे ही भूमिका सैल झाली. पोलिसांच्या ताब्यातून गेलेल्या दागिन्यांची किंमत द्यायला १९७७ मध्ये, तर जप्तीत खराब झालेल्या खताची भरपाई द्यायला १९९४ मध्ये (नागेंद्र राव) सरकारला भाग पाडले गेले. मोडलेल्या दाराला या निवाड्यांचा आधार घेता येतो, पण ओढूनताणून.

राज्य सरकारवरील दिवाणी दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ८०). रिट याचिकेसाठी (हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयाकडे मागितलेली दाद) रत्नागिरी व सिंधुदुर्गातील लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच आहे; रायगडकरांना मुंबईच. कागदांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (घराच्या कर आकारणीची नोंद) आणि सुतार-गवंड्याचा खर्चाचा अंदाज हवा. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आणि वाटणी तोंडी असेल, तर दावा कोणी लावायचा, इथूनच भाऊबंदांत बोलणे सुरू होते.