जंतांची वंशावळ

बडोद्यात पाहुणे आले की आम्ही त्यांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेतो, आणि तिथं सगळे इजिप्तच्या ममीपाशी रेंगाळतात. अलीकडे तिच्यासमोर उभं राहिलं की मला वाटतं, हिच्या पोटात जंत असतील का?

इजिप्तमध्ये काम करणाऱ्या मार्क आर्मंड रफर यांनी सुमारे ३००० वर्षं जुन्या ममींची मूत्रपिंडं तपासली. त्यांतल्या दोन ममींमध्ये त्यांना एका चपट्या कृमीची कडक झालेली अंडी सापडली. हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलं. हा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींत वाढतो, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि पुढे लघवीतून रक्त जाऊ लागतं.

जंताचं अंग मऊ, ते कुजून जातं. अंडी मात्र टिकतात. गोल जंतांच्या अंड्यांच्या कवचात झुरळाच्या पाठीत असतं तेच चिवट कायटिन असतं. त्यामुळे आतडी मातीत मिसळून गेली, तरी अंडी तिथंच राहतात. १४८५ साली लढाईत पडलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला. त्याच्या कमरेच्या हाडाजवळच्या मातीत गोल जंतांची अंडी होती. संशोधकांनी कवटीजवळची मातीही तपासली, तिथं एकही नव्हतं. ही दुसरी तपासणी मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळेच ती अंडी राजाच्या पोटातली, असं म्हणता आलं.

पण अंड्याच्या आकारावरून नातं नेहमी कळत नाही. माणसाच्या आणि डुकराच्या गोल जंताची अंडी दिसायला सारखीच. तिथं डीएनए लागतो. डेन्मार्कमधल्या व्हीबोर्गच्या सुमारे हजार वर्षं जुन्या शौचकूपांतून चाबकाच्या आकाराच्या जंताचा डीएनए मिळाला. आजच्या जंतांशी ताडून पाहिल्यावर दिसलं, की हा जंत माणसाबरोबरच आफ्रिकेतून जगभर पसरला असावा.

सगळ्यात चकित करणारी वंशावळ टेपवर्मची, म्हणजे फितीसारख्या लांब चपट्या जंताची आहे. गाईगुरं आणि डुकरं पाळली, त्यांचं मांस खाल्लं आणि टेपवर्म आपल्या पोटात आला, अशी आपली समजूत. २००१ साली संशोधकांनी आजच्या टेपवर्मच्या जातींची नाती जुळवून पाहिली, तर माणसाच्या टेपवर्मचे जवळचे नातलग निघाले आफ्रिकेतल्या सिंह-तरसांच्या पोटात. आपले पूर्वज त्याच माळरानांवर हरणांसारखी तीच शिकार खात होते, तिथूनच तो आला असणार. त्यांच्या हिशेबानं गाईच्या मांसातून येणारा टेपवर्म आणि माणसाच्याच पोटात राहणारी त्याची आशियाई भावंड जात एकमेकांपासून वेगळ्या झाल्या त्याला किमान ७ लाख ८० हजार वर्षं झाली. गाईगुरं माणसाळून जेमतेम १० हजार वर्षं झालीत. माणसाच्या विष्ठेतली अंडी चाऱ्याबरोबर त्यांच्या पोटात गेली. टेपवर्म त्यांना आपणच दिला.