अंधांसाठी ‘स्पेशल’ कॉम्प्युटर लागतो?

“त्यांचं मशीनच वेगळं असतंय, लाखभर तरी मोजायला लागतात.” कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर हे ऐकायला मिळतं. खोटं आहे. लक्ष्मीपुरीतून आणलेला जुना लॅपटॉपही चालतो. स्पीकर आणि कीबोर्ड धड असले म्हणजे झालं. पडदा फुटका असला तरी बिघडत नाही!

लागतो तो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजसाठी एनव्हीडीए, लिनक्ससाठी (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम) ओर्का. दोन्ही मुक्त (कोड कुणालाही बघता, बदलता येतो) आणि फुकट. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानेच सुरू केला. ईस्पीक हे आवाजाचं इंजिन मराठीही बोलतं. उच्चार यंत्रासारखा कोरडा, पण कान आठवड्याभरात सरावतो.

दुसरा गैरसमज: “सिस्टीम इन्स्टॉल करायला तरी डोळस माणूस हवाच.” डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचा इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं, की मेनू आल्यावर बीप वाजते. तेव्हा ‘एस’ दाबून एंटर मारायचं. पुढचे सगळे प्रश्न आवाजात. लिनक्सच्या नोम या डेस्कटॉपवर ओर्का बंद असेल तर ऑल्ट, विंडोजचं बटण आणि एस एकत्र दाबायचे. एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे बोटांना जागा दाखवतातच.