छेद शून्य म्हणजे अनंत? नाही!

जळगाव-धुळ्याकडे बारावीच्या पोरांच्या डोक्यात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं: छेद शून्य झाला की फलन (फंक्शन) अनंताला जातं.

(क्ष² − ९)/(क्ष − ३) घ्या. क्ष = ३ ला छेद शून्य खरा, पण अंशही शून्यच. कुठल्याही बाजूने ३ जवळ या, किंमत ६ कडेच सरकते. आलेख म्हणजे जणू केळीची ओळ, तिच्यात एकच रोप मेलंय. नांगी भरा (मेलेल्या जागी नवं रोप लावा), म्हणजे ३ ला ६ ही किंमत द्या, ओळ सलग. हीच रिमूव्हेबल, म्हणजे दूर करता येणारी, खंडितता. (अंश-छेदातला क्ष − ३ हा सामाईक अवयव नुसता छाटून भोक बुजत नाही, किंमत द्यावीच लागते.)

१/(क्ष − ३) मात्र ३ जवळ खरंच अनंताकडे पळतं. आणि |क्ष|/क्ष (|क्ष| म्हणजे चिन्ह सोडून क्ष ची किंमत)? तिथेही क्ष = ० ला छेद शून्य, पण अनंत औषधालाही नाही: डावीकडे −१, उजवीकडे +१. कुठलंही रोप लावा, एका तरी बाजूला ओळ तुटकीच.