हाडांच्या आतली चरबी

"तुमचं हाडपेर दणकट आहे मावशी. वजन असलं की हाडं टिकतात." विश्रामबागेतल्या एका मोफत शिबिरात, टाच यंत्रात धरून बसलेल्या बाईंना हे सांगितलं जात होतं. शेजारच्या टेबलावर कॅल्शियमची पावडर विकायला होतीच. टाचेतून ध्वनिलहरी सोडणारं ते यंत्र फार तर अंदाज देतं. हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे कमरेच्या मणक्यांच्या आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवरून, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजून ठरवतात. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती, हे सांगणारा आकडा. तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ, ही रेघही त्याच तपासणीची. ती टाचेला लावून पावडर खपवणं हा निव्वळ धंदा. पण मावशींना ऐकवलेलं वाक्य अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं पसरलं आहे.

हाडावर भार पडला की आतल्या पेशींना तो कळतो आणि त्या बांधकाम वाढवतात. शिवाय पाळी गेल्यावर बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन आटतं, तेव्हा चरबीच्या पेशी अ‍ॅरोमॅटेज या विकराच्या मदतीने थोडंफार इस्ट्रोजेन बनवत राहतात आणि ते हाडांची झीज रोखतं. त्यामुळे लठ्ठ बायकांची हाडांची घनता बहुतेक वेळा चांगलीच भरते.

तरीही हाडं मोडतात. १० देशांतल्या ५५ वर्षांवरच्या ६० हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. लठ्ठ स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचं प्रमाण इतरांच्या जवळपास तेवढंच निघालं. मनगट कमी मोडलं होतं, पण घोटा आणि मांडीचं हाड जास्त.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो, म्हणजे मज्जेत. मटणाची नळी चोखताना जो मऊ गर तोंडात येतो, त्यात बरीचशी चरबीच असते. आपल्याही हाडांत वयाबरोबर लाल मज्जेची जागा अशी पिवळी मज्जा घेत जाते. या मज्जेत काही मूळपेशी असतात. त्यांच्यातूनच हाड बांधणारी पेशी तयार होते आणि त्यांच्यातूनच चरबीची पेशीही. तासगावच्या बागेतला घड एक तर पेटीत भरून बाजारात जातो, नाही तर बेदाण्याच्या शेडवर. रॅकवर सुकलेल्या मण्याचं पुन्हा द्राक्ष होत नाही. मूळपेशीचंही साधारण असंच आहे.

वाट ठरवतं कोण? पेशीच्या केंद्रकात बसून जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. रन्क्स-२ वरचढ झालं तर हाड, पीपार-गॅमा वरचढ झालं तर चरबी. बाहेरून विंट नावाचा संदेश आला की पीपार-गॅमा दबतं आणि पेशी हाडाकडे वळते. उलट काही स्निग्धाम्लं पीपार-गॅमाला चिकटून त्याला जागं करतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी पीपार-गॅमाची एकच प्रत असलेले उंदीर तपासले, तर त्यांच्या मज्जेत चरबी कमी आणि हाड जास्त आढळलं. एका जनुकाची निम्मी मात्रा गेली आणि आख्खा तराजू झुकला! मला तरी यापेक्षा सुंदर प्रयोग पटकन आठवत नाही.

माणसांतला पुरावा औषधांच्या दुकानातून आला. मधुमेहावरच्या रोझिग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन या गोळ्या नेमकं पीपार-गॅमाच जागं करतात. साखर उतरते, पण या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पायोग्लिटाझोन आपल्याकडे आजही वापरात आहे. हे वाचून कुणी गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

पोटाच्या आतल्या चरबीची तऱ्हा वेगळी. ती टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे दाह वाढवणारे रेणू रक्तात सोडते, आणि हे रेणू हाड पोखरणाऱ्या पेशींना चेव आणतात. ड जीवनसत्त्वही चरबीत मुरून बसतं, रक्तात कमी उतरतं.

"आपण कुठे लठ्ठ आहोत?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापलेला फोटो पुरे आहे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांनाही सडपातळच म्हणेल.

मग उपाशी राहायचं का? इथे मज्जा उलटाच डाव खेळते. तीव्र उपासमारीत अंगावरची चरबी झडते, पण मज्जेतली वाढते. असं का होतं, यावर अजून वाद चालू आहे. 'पंधरा दिवसांत दहा किलो' अशी जाहिरात करणारे काढेवाले हे सांगणार नाहीत. वजन नीट उतरवलं तरी खुब्याची घनता थोडी घटतेच, कारण भार कमी होतो. ती घट आवरायची तर आहाराच्या जोडीला चालणं हवंच, पण वजनं उचलण्यासारखा ताकदीचा व्यायामही हवा. हाडावर ताण आला की त्यातल्या पेशी विंटला अडवणारं स्क्लेरोस्टिन कमी सोडतात, आणि मूळपेशीची वाट हाडाकडे मोकळी होते.